वृक्क, गुर्दा आणि दुर्बीण : मूत्रपिंडाच्या लहान अर्बुदांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यात शरीरातील एकाच अवयवाला निदान चार नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात तो ‘मूत्रपिंड’ असतो. वैद्याच्या तोंडी ‘वृक्क’. खाटकाच्या दुकानात आणि मराठवाड्याच्या दखनी बोलीत ‘गुर्दा’. आणि दवाखान्यातून परतलेल्या माणसाच्या बोलण्यात ‘किडनी’. यांपैकी ‘मूत्रपिंड’ हा कार्यावरून घडविलेला अर्वाचीन शब्द असून त्याचा अर्थ ऐकताक्षणी उलगडतो. ‘वृक्क’ मात्र वेदकालीन आहे आणि तेथे तो बहुधा द्विवचनात येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण हा अवयव जोडीने असतो ही गोष्ट त्या व्याकरणातच सांगून टाकलेली आहे. ‘गुर्दा’ फारसीतून आला म्हणून तो परका, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अवेस्तेतील ‘वरद्क’सारख्या रूपापासून फारसी ‘गुर्दा’ निघाला, आणि ते अवेस्तन रूप वैदिक ‘वृक्का’चे सख्खे भावंड होय. म्हणजे वैद्य व खाटीक हे दोघेही मुळात एकच शब्द उच्चारीत आहेत. दोन वाटांनी आलेला, एवढाच काय तो फरक.

रोगाच्या नावाची हकीकत याहून उलट आहे. ग्रीकांनी कठीण, पाय पसरलेल्या गाठीला खेकड्याचे नाव दिले. लॅटिनने त्याचे भाषांतर केले. अरबीने ‘सरतान’ म्हटले, त्याचाही अर्थ खेकडाच. आणि आधुनिक मराठीने ‘कर्करोग’ हा शब्द त्याच साच्यात ओतला. आयुर्वेदाला ही उपमा ठाऊक नव्हती. सुश्रुताचा शब्द ‘अर्बुद’ हा आहे. मोठे, गोल, स्थिर, मंद वेदनेचे, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे असे त्याचे वर्णन तो करतो. शस्त्राने काढताना काही अंश मागे राहिला तर अर्बुद पुन्हा उठते, असा इशाराही त्याने दिला आहे. पुढील सबंध इतिहास एका अर्थी या इशाऱ्याभोवतीच फिरतो. शेष राहू नये म्हणून किती काढावयाचे? गाठ, गाठीभोवतीची कडा, की सारा अवयव?

हिंगोलीच्या बाबतीत या प्रश्नाला एक भौगोलिक बाजूही आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी येथे होती आणि ते सैन्य १९०३ साली भारतीय लष्करात विलीन होईपर्यंत गावाची ओळख छावणीचे गाव अशीच राहिली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आणि परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. अशा प्रदेशाकडे वैद्यकविद्या येण्याची जुनी वाट हैदराबादहून निघते. तेथील वैद्यकशाळा १८४६ ची. तिचे अध्यापन आरंभी उर्दूतून होत असे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू ठरविले आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले. ‘दवाखाना’, ‘हकीम’, ‘मरीज’, ‘इलाज’ हे शब्द मराठवाड्याच्या मराठीत इतके मुरलेले आहेत त्याचे एक कारण हे. ‘रुग्णालय’ हा शब्द पाटीवर आला. बोलण्यात आजही दवाखानाच आहे.

याच राज्यात १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मवरील दोन प्रसिद्ध आयोगांनी काम केले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने हजार पौंड देऊ केले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे त्यासाठी हैदराबादेस आले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे १९११ च्या सुमारास ए. जी. लेव्ही यांच्या प्रयोगांनी मोडीत निघाला. तरी भूल देणाऱ्याने रोग्याच्या श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे ही शिकवण त्यातून दृढ झाली. पोटात वायू भरून करावयाच्या आजच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचे काम किती नाजूक असते हे जाणणाऱ्यास हा दुवा अप्रस्तुत वाटणार नाही.

मूत्रपिंड काढूनही माणूस जगतो, हे प्रथम विचारपूर्वक सिद्ध करणारा शल्यवैद्य म्हणजे हायडेलबर्गचा गुस्ताव सिमोन. त्यापूर्वी १८६१ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे एरास्टस वोल्कॉट याने यकृताची गाठ समजून मूत्रपिंड काढले होते. तो रोगी वाचला नाही, आणि ती घटना योजनेपेक्षा गफलतीतच मोडते. सिमोनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून एका मूत्रपिंडावर देह चालतो याची खात्री करून घेतली आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले. कारण अर्बुदाचे नव्हते. मूत्रवाहिनीस पडलेल्या छिद्रामुळे तिला सतत मूत्रस्राव होत असे. ती बरी झाली. सिमोन १८७६ मध्ये वारला आणि त्याच्या जागी विन्सेन्झ चेर्नी आला. या चेर्नीने १८८७ साली अर्बुदासाठी मूत्रपिंडाचा केवळ रोगी भाग कापून उरलेला राखला. म्हणजे संपूर्ण उच्छेदन आणि अंशतः उच्छेदन या दोन्ही कल्पना एकाच नगरात, एकाच आसनावरून, अवघ्या अठरा वर्षांच्या अंतराने निघाल्या. पहिलीला राजमार्ग मिळाला, दुसरी पुढील शंभर वर्षे पायवाटेवरच राहिली.

याचे कारण रक्त होय. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांतून वाहतो. अशा अवयवावर चिरा घालणे म्हणजे भरल्या पाटाचा बांध फोडणे. संपूर्ण अवयव काढताना मुख्य धमनी बांधली की काम निर्वेध होते. भाग काढताना मात्र उरलेल्या भागाला रक्त मिळालेच पाहिजे. त्यात सुश्रुताचा ‘शेष’ आणखी भीती घालीत होता. १९५० मध्ये व्हिन्सेन्ट वर्मूटेन याने काठाचा एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन गाठ काढता येईल असे सुचविले, पण वारे दुसऱ्या दिशेने वाहत होते. टोरोंटोच्या चार्ल्स रॉब्सनने १९६३ मध्ये मूत्रपिंड, त्याभोवतीचा मेद व आवरण, अधिवृक्क ग्रंथी आणि लसिकाग्रंथी हे सारे एकत्र काढण्याची पद्धत मांडली आणि १९६९ मध्ये तिचे परिणाम प्रसिद्ध केले. त्या काळी गाठ कळून येई ती लघवीतून रक्त गेल्यावर, कुशीत दुखू लागल्यावर किंवा हाताला लागण्याइतकी मोठी झाल्यावर. मोठ्या रोगाला मोठा उपाय, हे त्या परिस्थितीत गैर होते असे म्हणता येत नाही.

येथे नावाची आणखी एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. १८८३ मध्ये पाउल ग्राविट्झ याला या गाठींतील पेशी मेदाने भरलेल्या दिसल्या, म्हणून त्या मूत्रपिंडाच्या नसून वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या पेशी असाव्यात असे त्याने ठरविले. त्यावरून ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव रूढ झाले. तर्क चुकला, पण नाव विसाव्या शतकात बराच काळ चालत राहिले. पारिभाषिक शब्द एकदा रुजला की त्याचे मूळ कुजले तरी तो उभा राहतो, हे भाषाभ्यासकांना सांगावयास नको. सुश्रुतसंहितेत वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या सारभागापासून सांगितली आहे. ग्राविट्झला ती माहीत असती तर त्याला इतके दूर जावे लागले नसते, असे कोणी विनोदाने म्हणेल. अर्थात् दोन्हींचा परस्परांशी संबंध जोडणे हे पांडित्य नव्हे.

दुसरा प्रवाह दुर्बिणीचा. १९०१ मध्ये ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंगने कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत नळी घातली व पाहिले. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेउसने हीच क्रिया माणसावर केली. पुढे अनेक दशके हे केवळ पाहण्याचे साधन होते. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम याने १९८० मध्ये या मार्गाने आंत्रपुच्छ काढले आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. १९८५ मध्ये एरिख म्यूहेने पित्ताशय काढले. इंग्रजीत या सर्व क्रियांना जे समुदायवाचक नाव मिळाले ते जॉन विकॅम या लंडनच्या मूत्ररोगतज्ज्ञाने १९८० नंतरच्या दशकात रूढ केले. ‘देहावर कमीत कमी आक्रमण’ असा त्याचा भावार्थ. शस्त्रवैद्य हा आक्रमक आणि देह हा प्रांत, ही लष्करी प्रतिमा त्यात गृहीत आहे.

मराठीने ती स्वीकारली नाही. मराठीने साधन पाहिले आणि म्हटले, ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’. फारसी ‘दूर’ आणि ‘बीन’ मिळून झालेला, लांबचे दाखविणाऱ्या यंत्राचा हा शब्द वीतभर अंतरावरील आतडे दाखविणाऱ्या नळीला लावला गेला, आणि कोणास त्यात विसंगती जाणवली नाही. हा शब्द खेड्यापाड्यांत नेला तो कर्करोगाने नव्हे, तर कुटुंबनियोजनाने. स्त्रियांच्या नसबंदीच्या शिबिरांत ‘टाक्याचे’ आणि ‘दुर्बिणीचे’ असा भेद बायाबापड्या सहज करू लागल्या. पुरुषांच्या शस्त्रक्रियेसाठी पुढे ‘बिनटाका’ हे विशेषण सरकारी पत्रकांतही आले. म्हणून मूत्रपिंडावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते असे ऐकल्यावर सेनगाव वा कळमनुरीच्या माणसाला शब्द नवा वाटला नाही. मात्र जुन्या अनुभवाने त्या शब्दाला ‘लहानशी, त्याच दिवशी घरी पाठविणारी’ अशी छटाही दिली होती. मूत्रपिंडाच्या बाबतीत ती छटा दिशाभूल करणारी ठरते.

१९९० चा उन्हाळा या इतिहासात महत्त्वाचा आहे. ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी भारतात प्रथमच दुर्बिणीने पित्ताशय काढले. निदानासाठी दुर्बिणीचा उपयोग ते १९७२ पासून करीत होते. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वी, २५ जून १९९० रोजी, अमेरिकेतील सेंट लुइस येथे राल्फ क्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीने पहिले मूत्रपिंड काढले. रोगी स्त्री पंचाऐंशी वर्षांची होती. १९० ग्रॅम वजनाचे ते मूत्रपिंड आतल्या आत पिशवीत घालून, त्याचे तुकडे करून ११ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर आणण्यात आले. तंत्राच्या दृष्टीने हा पराक्रमच होय. परंतु तिच्या मूत्रपिंडातील गाठ जेमतेम तीन सेंटिमीटरची होती, आणि तपासणीअंती ती कर्करोगाची नव्हे तर ऑन्कोसायटोमा या निरुपद्रवी जातीची निघाली. त्वचेवरील जखम इतिहासात सर्वांत लहान झाली, आणि तिच्यातून एक संपूर्ण अवयव गेला.

या विषयावरील लेखनात ‘लहान’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. जखम लहान असणे आणि हानी लहान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली रोग्याला व आप्तांना दिसते. दुसरी रक्ततपासणीच्या कागदावर, तीही काही वर्षांनी, दिसते. १९९० नंतरच्या दशकात दुर्बिणीने संपूर्ण मूत्रपिंड काढणे सोपे झाले, अंशतः काढणे दुर्बिणीने अवघडच राहिले. आणि त्यामुळे लहान गाठ असतानाही, लहान छेदाच्या मोहाने, अनेक ठिकाणी सबंध मूत्रपिंड काढले गेले. नव्या तंत्राने जुन्या अतिरेकाला काही काळ बळच दिले, असे म्हणणे भाग आहे.

महाराष्ट्रातून या शाखेत पडलेली सर्वांत मोलाची भर याच सुमाराची आहे, आणि ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. मूत्रपिंड उदरपोकळीत नसते. ते उदरावरणाच्या मागे, पाठीच्या बाजूस, मेदात रुतलेले असते. त्याच्याकडे पुढून, आतडी बाजूला सारीत जाण्यापेक्षा कुशीतून थेट जाणे स्वाभाविक. अडचण अशी की, तेथे पोकळीच नाही. वायू भरला तर तो मेदाच्या जाळ्यांत झिरपतो, जागा होत नाही. विकॅमसह अनेकांनी तेथे प्रयत्न केले होते, पण दृश्य समाधानकारक मिळेना. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. डी. डी. गौर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला उपाय असा : शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा घ्यावा, तो रबरी नळीच्या टोकाला बांधावा, कुशीतील लहान छेदातून आत सारावा आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या फुग्याने त्यात हवा भरावी. हातमोजा फुगतो, मेद हलकेच बाजूला सरतो, उदरावरण पुढे ढकलले जाते, आणि फुगा काढून घेतल्यावर काम करण्यापुरती पोकळी तयार असते. पुढल्याच वर्षी गौर व सहकाऱ्यांनी या मार्गाने मूत्रपिंड काढल्याचेही प्रसिद्ध केले. जगभरच्या ग्रंथांत ही युक्ती ‘गौर बलून’ या नावाने गेली आणि मागाहून तिची महागडी व्यापारी रूपे बाजारात आली.

या शोधातील प्रत्येक वस्तू तालुक्याच्या दवाखान्यात मिळते. हातमोजा, नळी, रक्तदाबाचे यंत्र. न मिळणारी वस्तू एकच, ती वापरणारा प्रशिक्षित हात. एम.बी.बी.एस., त्यानंतर शल्यशास्त्रातील एम.एस., आणि त्यानंतर तीन वर्षांचा एम.सीएच. अभ्यासक्रम, एवढ्या मजलीनंतर मूत्ररोगशल्यज्ञ तयार होतो.

दुर्बिणीने अंशतः उच्छेदन करण्याची सुरुवात १९९२–९३ च्या सुमारास हॉवर्ड विनफिल्ड यांनी केली. ते प्रकरण अर्बुदाचे नव्हते. त्यानंतर एलस्पेथ मॅकडूगल आणि विशेषतः क्लीव्हलंड येथे भारतीय वंशाचे इंदरबीर गिल यांनी ही क्रिया अर्बुदांसाठी नीट बसविली. तिचे मर्म घड्याळात आहे. मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने बंद करावयाची, गाठ काठासह कापावयाची, उघडे पडलेले मूत्रमार्ग व रक्तवाहिन्या आतल्या आत शिवावयाच्या, आणि चिमटा काढावयाचा. हे सारे साधारणतः पंचवीस ते तीस मिनिटांच्या आत. त्यापुढे रक्ताविना राहिलेल्या उतींना इजा होऊ लागते. उघड्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाभोवती बर्फ रचून अवधी वाढविता येतो. दुर्बिणीत ते सोपे नाही. लांब, ताठ हत्यारांनी टाके घालणे हे काम इतके कठीण की, २००४ नंतर यंत्रमानवाच्या साहाय्याने ते होऊ लागल्यावरच पुष्कळांना ते आवाक्यात आले. किती काठ घ्यावा या जुन्या प्रश्नाचेही उत्तर दरम्यान बदलले. वर्मूटेनचा एक सेंटिमीटर आवश्यक नाही. गाठ पूर्ण निघाली असेल तर काही मिलिमीटर पुरतात. सुश्रुताची अट मोडलेली नाही, तिचे माप लहान झाले आहे.

मूत्रपिंड राखण्याचा लाभ किती, याविषयी मात्र संयमाने बोलावे लागते. २००६ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झालेल्या, ६६२ रोग्यांच्या पाहणीत तीन वर्षांनंतर मूत्रपिंडाचे कार्य ठराविक पातळीखाली न गेलेल्यांचे प्रमाण अंशतः उच्छेदनानंतर ८० टक्के, तर संपूर्ण उच्छेदनानंतर ३५ टक्के आढळले. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी अंशतः उच्छेदन हाच प्रमाण उपाय मानला. पण २०११ मध्ये ५४१ रोग्यांच्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण संपूर्ण उच्छेदनाच्या गटात ८१.१ टक्के आणि अंशतः उच्छेदनाच्या गटात ७५.७ टक्के भरले. ज्यांनी आधीच्या पाहणीवरून आयुष्य वाढेल असे मानले होते त्यांना हा धक्का होता. त्या चाचणीत रोगी अपेक्षेइतके मिळाले नव्हते आणि उरलेल्या कार्याचा लाभ तिच्यातही दिसला, हे खरे. तरीही दुसरे मूत्रपिंड निरोगी असलेल्या माणसाला एकाच मूत्रपिंडावर दीर्घकाळ जगता येते, ही सिमोनने कुत्र्यांवर तपासलेली गोष्ट शतकानंतरही नाकारता आलेली नाही. मधुमेह व रक्तदाब असलेल्याच्या दुसऱ्या मूत्रपिंडाचा भरवसा मात्र कोणी द्यावा? अंशतः उच्छेदनाचा खरा आग्रह त्याच्यासाठी आहे. शिवाय चार सेंटिमीटरखालील गाठींपैकी सुमारे एक-पंचमांश कर्करोगाच्या नसतातच, आणि वृद्ध रोग्यात अशी गाठ काही काळ नुसती पाहत राहणे हाही आता मान्य उपाय आहे.

लहान गाठी मुळात सापडू लागल्या त्या प्रतिमांच्या यंत्रांमुळे. मराठीत ‘सोनोग्राफी’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो गर्भलिंगनिदानाच्या दुष्कीर्तीने. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. ज्या यंत्राच्या पाट्यांवर कायद्याचा इशारा लावावा लागतो तेच यंत्र मूतखड्यासाठी पोट तपासताना कधी मूत्रपिंडाच्या काठावर सुपारीएवढी गाठ दाखवून जाते. हा शोध योगायोगाचा असतो. रोग्याला कसलाच त्रास नसतो. त्याच्या हाती एक कागद येतो आणि तेथून त्याचा प्रवास सुरू होतो : नांदेड, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), मुंबईचे १९४१ साली स्थापन झालेले टाटा रुग्णालय, किंवा निजामकाळापासून पायाखालची असलेली हैदराबादची वाट. औषधोपचाराच्या खर्चासाठी राज्याने २ जुलै २०१२ रोजी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत नांदेड होते, हिंगोली नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्वत्र लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

प्रवासाच्या टोकाला जो प्रश्न रोग्यापुढे येतो तो भाषेतच मांडावा लागतो. ‘दुर्बिणीने करू’ एवढे ऐकून संमतीची सही होते. ‘गाठ काढणार’ आणि ‘किडनी काढणार’ यांतील अंतर विचारले जातेच असे नाही. मराठीत ते सांगण्यास शब्द अपुरे नाहीत. ‘गाठीपुरते काढणे’ आणि ‘सबंध काढणे’ हे शेतकऱ्याला, कीड लागलेली फांदी छाटणे आणि झाड तोडणे यांइतके स्पष्ट कळते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला, त्यांत हिंगोलीचे एक आहे. त्याची प्रवेशक्षमता शंभर विद्यार्थ्यांची आहे. त्या पहिल्या वर्गातील विद्यार्थी शवविच्छेदनाच्या मेजावर जो अवयव हाती घेतील त्याचे इंग्रजी नाव त्यांना पाठ असेल. बाहेर ओसरीवर बसलेले रोग्याचे नातलग त्याला गुर्दा म्हणत असतील.